पेनड्राइव्ह बदलून पाहिला नाही

त्या सकाळी सरांच्या नंबरवरून दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळा मी तो कापला. पुन्हा पेनड्राइव्हचं रडगाणं, असं मनात म्हटलं. तिसऱ्यांदा उचलला, तर काकू होत्या, सरांच्या पत्नी. "सुनील... सर गेले रे." झोपेतच गेले होते. तो नंबर आता काकू वापरतात. स्क्रीनवर 'तायडे सर' उमटलं की आता मी पहिल्याच रिंगला उचलतो.

तायडे सरांनी मला शाळेत विज्ञान शिकवलं. मी मलकापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा पिंपळगाव राजाहून गिऱ्हाइकं पाठवायचे. "माह्या सुनीलकडे ने," म्हणायचे. निवृत्तीनंतर गावातलं वाचनालय तेच सांभाळत. तिथे कुणीतरी आपले जुने चार कॉम्प्युटर दिले, पण त्यांवर विंडोज नुसतं रांगत होतं. विंडोजऐवजी चालणारं लिनक्स फुकट आणि हलकं, म्हणून सरांनी तेच टाकायचं ठरवलं. "मी येऊन टाकून देतो," म्हटलं तर ऐकेनात, त्यांना स्वतः शिकायचं होतं. मी एक पेनड्राइव्ह दिला आणि सांगितलं, हा लावून कॉम्प्युटर सुरू करा, पुढचं तोच विचारत जाईल.

तो विचारेचना. रोज फोन. "अजून काळा पडदाच दाखवून राह्यलं बे. तुह्या कामाच्या वक्ती तरास देऊन राह्यलो मी." मी दुकानातल्या गर्दीत, खांद्यावर फोन धरून सांगायचो, सेटिंग बघा, दुसऱ्या खाचेत लावा. शेवटी एकदा चिडून म्हणालो, "सर, साधी गोष्ट आहे हो ही!" सर म्हणाले, "हाव, माह्यंच चुकत असन."

सर गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर काकूंनी मला सरांच्या खोलीत नेलं. टेबलावर वाचनालयातून आणलेला एक कॉम्प्युटर तसाच मांडलेला होता. त्याला लावलेला पेनड्राइव्ह काढून मी माझ्या लॅपटॉपवर उघडला. आत लिनक्सची फाइल नुसती कॉपी केलेली. ती तशी चालत नाही. खास सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर लिहावी लागते, तेव्हाच कॉम्प्युटर त्यावरून सुरू होतो. घाईत ते करायचं मीच विसरलो होतो. तिथेच पेनड्राइव्ह नीट लिहिला, कॉम्प्युटरला लावला, आणि लिनक्स पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

काकू दारात उभ्या होत्या. "शेवटी शेवटी म्हनत होते, डोकं चालून नाही राह्यलं माह्यं. वय झालं. तुनं इतक्यात कसं केलं रे?"

"मशीनच जुनं आहे, काकू, कधी चालतं, कधी नाही," मी म्हणालो.

कीबोर्डखाली सरांची वही होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची, ही त्यांची प्रयोगशाळेतली शिस्त. खाच बदलली, वायर बदलली, सेटिंग बदललं, चारही कॉम्प्युटर लावून पाहिले. प्रत्येकापुढे 'नाही'. आणि खाली, त्याच ठसठशीत अक्षरात: 'पेनड्राइव्ह बदलून पाहण्याची गरज नाही. सुनीलने दिलेला आहे.'

काकू दर रविवारी वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात. समोर बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितो. काकू, सरांचं डोकं शेवटपर्यंत चालत होतं. चूक माझी होती. आणि ती वही शोधू नका, माझ्याकडे आहे. तुम्ही ते पान वाचू नये म्हणून त्या दिवशी मी ती पिशवीत घालून आणली.