कापसाचा गृहप्रवेश

आमच्या संस्थेचा एक रिवाज होता. विटा, सिमेंट, टिनाचे पत्रे आणि गवंडी संस्थेचे, हमाली घरवाल्यांची. घर उभं राहिलं की आमचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर, स्वतः यायचे आणि त्या घरातल्या नव्या चुलीवरचा चहा प्यायचे. चहा झाला की ते कुलूप-किल्ली हातात द्यायचे आणि घर त्या कुटुंबाचं. चूल पेटलेली दिसली नाही, तर इथे कुणी राहत नाही असं समजून पत्रे उतरवायचे आणि रांगेतल्या पुढच्या घराला द्यायचे.

मी संस्थेत सामान पोचवण्यापासून माइक तपासण्यापर्यंत सगळं करायचो. तपासायला घेतलेला माइक मी सहसा परत देत नसे.

पुसदकडच्या एका गावात असंच एक घर झालं. नवरा, बायको आणि म्हातारी सासू. बायकोनं डोक्यावर विटा वाहिल्या, सासूनं बसल्या बसल्या भिंतींना पाणी मारलं. त्याआधी ही माणसं पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांच्या, काड्यांना शेणमाती लिंपून केलेल्या झोपडीत राहायची. चहाच्या दिवशी मी अध्यक्षांच्या आधी मोटरसायकलवर पोचलो आणि मोठ्या ऐटीत नवं दार ढकललं. दार हलेना. खांदा लावला, तशी फट पडली आणि आतला कापूस भसकन माझ्या अंगावर आला. खोली थेट पत्र्यापर्यंत भरलेली!

त्या वर्षांत कापसाला भावच नव्हता. आज येईल, उद्या येईल म्हणत लोक कापूस घरातच भरून ठेवत.

"वहिनी, हे काय?"

"कापूस आहे, भाऊ. कधी पाह्यला नाही का?"

"अन् तुम्ही कुठे राहता?"

"झोपडीतच. आभाळ रोज भरून येऊन राह्यलं. माणूस भिजला त वाळते. कापूस भिजला त पिवळा पडते, मंग त्याले कोण इचारते?"

"आणि चूल?"

"आहे नं! त्या कोपऱ्यात. खाली." तिनं ढिगाकडे बोट दाखवलं आणि एकदम तिचा चेहरा उतरला. चहाचं तेव्हा तिच्या ध्यानात आलं. "भाऊ, पत्रे काढतीन का आता?"

इतक्यात शेजारीण धावत आली. रांगेत पुढचा नंबर हिचाच. मला वाटलं, ही आता पेढे वाटणार. तर ती म्हणाली, "चहा मी करतो माह्या चुलीवर, मागच्या खिडकीतून देतो. तुमी फक्त साहेबाले समोर बोलण्यात ठेवा. तेवढं त तुमाले येतेच."

काय हे मन! मी गदगदून गेलो. अध्यक्ष आले आणि मी त्यांना अंगणातच उभं करून असं भाषण ठोकलं की कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या. वहिनी भिंतीला घासत आत शिरली आणि थोड्या वेळानं ट्रे घेऊन बाहेर आली. केसांत कापूस, भुवयांवर कापूस. चहातही एक पुंजका तरंगत होता. अध्यक्षांनी तो बोटानं बाजूला केला आणि घोट घेतला.

"धूर दिसला नाही."

"बिनधुराची चूल आहे, सर," मी म्हणालो.

"कायले खोटं बोलतं रे?" आतून, अगदी पत्र्याखालून आवाज आला. "कापसात कोणी चूल पेटवते का?"

सासू! ढिगाच्या माथ्यावर राखणीला झोपलेली. अध्यक्षांनी दार ढकलून आत पाहिलं आणि त्यांचे कान लाल झाले.

"यांच्या दोन एकरांत एवढा कापूस? हे घर आहे की कुण्या व्यापाऱ्याचं गोदाम? आजच पत्रे उतरवा."



"उतरवू नका, साहेब!" शेजारीण चहाचं भगुणं घेऊनच पुढे आली.

"अहो, पत्रे तुम्हालाच मिळणार आहेत."

"माह्या भिंतीच उभ्या नाहीत, पत्रे काय डोक्यावर घेऊ? अन् त्यातला अर्धा कापूस माहा आहे!"

"माहाबी आहे," मागून कुणी बोललं. "आमचे दोन गाठोडे," आणखी कुणी. त्या गल्लीत टिनाचं छत एकच होतं आणि सगळ्या गल्लीचा कापूस त्याखाली होता. शेजारणीच्या थोर मनाबद्दल मी जे काय मनात रचलं होतं, ते गिळून टाकलं.

अध्यक्षांनी वहिनीला विचारलं, "भाडं घेता?"

"भाडं कायचं, सर? माह्यासंग विटा याइनंच त वाहल्या."

अध्यक्ष पुन्हा दारात गेले. मग मान वर करून म्हणाले, "आजी, तुम्ही रोज इथेच झोपता?"

"मंग! एवढी जाड गादी जल्मात भेटली नाही मले."

"म्हणजे घरात माणूस राहतं," असं म्हणून ते शेजारणीच्या चुलीजवळ जाऊन बसले आणि बिनकापसाचा चहा मागितला. मला त्यांनी खिशातून कुलूप-किल्ली काढून दिली, वहिनीला द्यायला.

वहिनीनं ती दोन्ही हातांत घेतली. वारा सुटला होता, कापूस उडत होता. तिनं घाईघाईनं दार ओढलं, कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि मग कुठे ती हसली.

"अवं, मी आत आहे!" सासू ओरडली.