ना, बीना

परंड्याच्या बाजारात मी काठीशिवाय चालायचो. याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नसे. ब्रह्मदेशाच्या जंगलात सुरुंग फुटून माझे दोन्ही डोळे गेले तेव्हा मी पंचविशीत होतो. सरकारनं आधी इस्पितळात ठेवलं, मग उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका शाळेत धाडलं. तिथं सगळे माझ्यासारखेच, लढाईत डोळे गमावलेले शिपाई. मी वेताच्या खुर्च्या विणायला शिकलो, पावलं मोजायला शिकलो, आवाजावरून खोली केवढी आहे ते ओळखायला शिकलो. तिथल्या उस्तादाचं एक वाक्य मी गाठीला बांधलं: "कुणाला तुमचा हात धरू देऊ नका. धरायचाच तर तुम्ही त्याचा धरा."

गावी आलो तो ताठ मानेनं. घरापासून वेशीपर्यंत किती पावलं, किल्ल्याच्या खंदकाशी रस्ता कुठं वळतो, कुणाच्या दारात पायरी आहे, सगळं पाठ केलं. परगावचा माणूस कधी मलाच रस्ता विचारायचा आणि मी हात करून दाखवायचो. तो निघून गेला की मला दिवसभर हसू यायचं. कुणी "अरेरे" म्हटलं मात्र की टाळकं सणकायचं.

बायको माझ्या मागं दोन पावलांवर असायची. त्या काळी सगळ्यांच्याच बायका तशा चालत, त्यामुळं त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. मलाही नाही. ती माकणी गावची. बोलणं मोजकं, पण बांगड्यांची हौस फार. कासारीण दारात आली की शेजारच्या बाया अर्धा डझन भरत, ही कोपराकडं सरकेपर्यंत भरून घ्यायची. मी चिडवायचो, "हातावर दुकान मांडायचंय का?"

"मांडीन की. तुमाला काय त्रास?" एवढंच म्हणायची.

माझा एक जिवाभावाचा दोस्त होता, ईट गावचा. त्या शाळेत माझ्या शेजारच्याच खाटेवर असायचा. तो दोर वळायला शिकला. पुढं वर्षातून एकदा हयातीच्या दाखल्याला आम्ही उस्मानाबादला भेटायचो. आपण जिवंत आहोत हे साहेबाला दाखवायचं, म्हणजे पेन्शन चालू राहते. जिल्ह्यातले आम्ही पाच-सहा आंधळे शिपाई कचेरीपुढच्या लिंबाखाली बसायचो आणि दाखल्याचं काम आटोपलं तरी उठायचो नाही. नवी सवलत कोणती निघाली, पोराच्या फीमाफीला कुणाची सही लागते, कुठला कारकून माणसासारखा बोलतो, हे सगळं तिथं कळायचं. एकाला ठाऊक झालं की सगळ्यांना ठाऊक. एकमेकांची तोंडं आम्ही कधी पाहिली नव्हती, पण कुणाची लेक कुठं दिली हे तोंडपाठ होतं.

तिथंच एका वर्षी बातमी कळली. परंड्याच्या एस.टी. स्टँडला लागून दुकानासाठी एक जागा माजी सैनिकाला द्यायची ठरली होती, आणि पहिला हक्क डोळे गेलेल्याचा. दोस्तानं माझा खांदा असा दाबला की हाड दुखलं. त्याची गत मला ठाऊक होती. शेत पोरांनी हाती घेतलं होतं आणि याला ओट्यावर बसवून ठेवलं होतं. मान देत, वेळेवर ताट देत, पण काम देत नसत. "पोतं होके बैठा हूँ, यार," तो म्हणायचा. मी परसात खुर्च्या विणायचो खरा, पण परसात गिऱ्हाईक कोण येणार? स्टँडवर कुर्डूवाडीच्या गाडीची वाट बघत माणसं तासतासभर बसत. तिथं मी खुर्च्या विणीन, तो दोर विकील, असं आम्ही त्या लिंबाखालीच ठरवून टाकलं. अर्ज माझ्या नावानं गेला.

दोन महिन्यांनी पोस्टमननं जिल्हा कचेरीचं पत्र वाचून दाखवलं. जुन्या मिसलीच्या, म्हणजे फायलीच्या, नकलेनुसार अर्जदार हे बीना, म्हणजे डोळस, असल्याचं दिसून येतं. सबब आंधळ्यांच्या हक्काचा विचार करता येत नाही. काही म्हणणं असल्यास अमुक तारखेस साहेब परंड्यास येतील तेव्हा समक्ष हजर राहावे.

मी पोस्टमनला पुन्हा वाचायला लावलं. मग दोस्ताला निरोप धाडला. तो आला, त्यानं पत्र ऐकलं आणि पोट धरून हसत सुटला. "अरे, नाबीना का 'ना' कौन खा गया?"

झालं होतं ते असं. निजामाच्या राज्यात आमच्याकडचे सगळे कागद उर्दूत. लढाईवरून आलो तेव्हा पटवाऱ्यानं माझ्याबद्दल लिहिलं होतं, "नाबीना", म्हणजे आंधळा. नुसतं "बीना" म्हटलं तर दिसणारा. आता राज्य बदललं, कागद मराठीत उतरवायचं काम निघालं आणि ते पुण्याकडच्या एका नव्या कारकुनाकडं आलं. त्याला उर्दूचा गंध नाही. शेजारी निजामाच्या कचेरीतले एक जुने पेशकार वाचून दाखवायला. कारकुनानं विचारलं, "हा शिपाई आंधळा आहे काय?" पेशकारांनी कागदावरचा शब्द वाचला, "नाबीना." कारकुनाला ऐकू आलं, "ना, बीना." त्यानं विचारलं, "बीना म्हणजे?" ते म्हणाले, "बीना म्हणजे ज्याला दिसतं तो." लिहून टाकलं: नाही, अर्जदारास दिसते. हे मला पुढं खुद्द पेशकारांनीच सांगितलं, कान धरून. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. माझ्या पेन्शनच्या कागदावर नुसतं "जखमी" होतं, आणि डॉक्टरांचा नवा दाखला मिळवायचा तर महिना जाणार. जागेवर एक हॉटेलवाला टपून बसलेला होता.

"सीधी बात है," दोस्त म्हणाला. "साब के सामने एक ठोकर खा ले. एक ठोकर, और जिंदगीभर की दुकान."

"मी नाटक करणार न्हाय," मी म्हणालो.

"नाटक? अबे, तू सचमुच अंधा है!"

"हाय. पण पडणारा आंधळा न्हाय."

तो माझ्याजवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "तेरा तो ठीक है. मेरा भी सोच." हे वाक्य मला लागलं, पण मी हट्टी माणूस, ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चुलीपाशी बायको भाकरी थापत होती. तिनं आमच्यात तोंड घातलं नाही, फक्त दोस्ताला म्हणाली, "भाईजान, जेवून जावा."

ठरल्या दिवशी मी धुतलेला सदरा घातला, पदकं लावली आणि कचेरीत गेलो. दोस्त बाहेर पाराशी थांबला. बायको माझ्या मागं. फाटकापासून तेवीस पावलं, चार पायऱ्या, उंबरा, डावीकडं वळून सात पावलं. साहेबाचा श्वास ज्या बाजूनं ऐकू आला तिकडं तोंड करून मी कडक सलाम ठोकला. तो म्हणाला, "बसा." मी मागं हात न नेता बरोबर खुर्चीत बसलो. ऐट अशी की विचारू नका.

साहेब बोलायला पुढं वाकला तशी त्याची खुर्ची करकरली. मला राहवलं नाही. "साहेब, तुमच्या खुर्चीचा डाव्या अंगाचा वेत सुटलाय. आठवड्यात बसकण जाईल."

तो थांबला. "तुम्हाला दिसतं की!"

"ऐकू येतं, साहेब."

"साहेब, हे बाजारात काठीशिवाय फिरतात," परंड्याच्या कचेरीतला कारकून म्हणाला. "मी स्वतः पाहिलंय. परवा एका माणसाला रस्ता दाखवत होते."

अठरा वर्षं जे कमावलं होतं तेच माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहिलं. मी सुरुंगाचं सांगितलं, शाळेचं सांगितलं, नाबीनातल्या "ना"चं सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. शांतपणे म्हणाला, "मूळ मिसल जिल्ह्याला आहे आणि मला यादी आजच पुरी करायची आहे. चार वाजता कळवतो. या तुम्ही." त्या "या तुम्ही"चा अर्थ मला कळला. मनात आलं, बाहेर पाराशी बसलेल्या माणसाला काय सांगू?

मी उठलो, शिपायासारखा गर्रकन वळलो आणि दाराकडं निघालो. सात पावलं. चौथ्यालाच नडगीवर काहीतरी आदळलं आणि मी तोंडावर पडलो. आम्ही बोलत होतो तेव्हा शिपायानं पुढच्या अर्जदारांसाठी वाटेत बाकडं आणून ठेवलं होतं. त्याच्यावरून मी गेलो तो थेट पाण्याच्या माठावर. माठ फुटला. ओठ फाटला. सगळीकडं पाणी आणि खापरं, आणि कुठली बाजू दाराची हे मला कळेना.

पडण्याचं मला काही वाटलं नाही. शाळेत पुष्कळ पडलो होतो. मला घाबरवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. खोलीत बांगड्या वाजत नव्हत्या. अठरा वर्षांत मी धडपडलो आणि त्या वाजल्या नाहीत असं एकदाही झालं नव्हतं. क्षणभर वाटलं, ती इथं नाहीच. कुठंच नाही. मी पाण्यात हात पसरून चाचपडायला लागलो आणि भर कचेरीत, साहेबासमोर, लहान पोरासारखा ओरडलो, "अगं, कुठंयस? अगं, कुठंयस तू?"

कुणी हललं नाही. मग साहेबाची खुर्ची मागं सरकली. तो स्वतः येऊन पाण्यात गुडघ्यावर बसला आणि त्यानं माझ्या काखेत हात घातला. मी त्याचा दंड धरला. तेव्हा कुठं माझ्या डाव्या कानाशी तिचा आवाज आला, "इथंच हाय मी. उठा."

साहेबानं मला खुर्चीत बसवलं. मग कारकुनाला म्हणाला, "लिहा. नाबीना. ना जोडून लिहा." आणि माझ्या हातावर हात ठेवून, "माफ करा, जवान."

पाराशी दोस्ताला कळलं तेव्हा त्यानं मला मिठी मारली आणि माझा ओठ पुन्हा फुटला. "खाई ना ठोकर!" तो म्हणाला. मी म्हणालो, खरोखरची होती. त्याचा विश्वास बसला नाही, अजून बसलेला नाही.

त्याला गाडीत बसवून आम्ही घरी निघालो. आता बांगड्या वाजत होत्या. डाव्या हाताच्या वाजल्या, मी उजवीकडं सरकलो, गटार ओलांडलं. दोन्ही हातांच्या एकदम वाजल्या, मी थांबलो. पुढून बैलगाडी गेली. आणि तिथंच रस्त्यात माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. हे मी रोज करत होतो. रोज. आणि म्हणत होतो की मी पावलं मोजतो.

"कचेरीत तुझ्या बांगड्या का न्हाय वाजल्या?" मी विचारलं.

"पदर गुंडाळला व्हता हातांला."

"बाकडं दिसलं व्हतं तुला?"

"ठेवलं तवाच दिसलं."

मला भयंकर संताप आला. चारचौघांत मला पाडलं, माझ्याच बायकोनं! मी म्हणालो, "माझी अब्रू घालवलीस."

ती थांबली. "अठरा वर्सं तुमची अब्रू या हातांवर सांभाळली. कुणाला कळू दिलं न्हाय, तुमाला बी न्हाय. आज एक डाव माज्या मनानं पडलात तर काय झालं? भाईजाननी वट्यावरच मरायचं व्हतं व्हय?"

खाली मान घालून चाललो. लाज वाटत होती आणि तिच्याबद्दल इतकं भरून येत होतं की पावलं मोजायचं भान नव्हतं. एकदाही अडखळलो नाही.

पुढं स्टँडवर आमचं दुकान झालं. मी विणायचो, दोस्त दोर विकायचा आणि गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायचा. लिंबाखालची बैठकही हळूहळू तिथंच आली. कुणाचा काही अर्ज असला की तो आधी आमच्याकडं यायचा, आणि त्यातला शब्द न् शब्द आम्ही दोनदा वाचून घ्यायचो.

पण मला आठवतो तो त्या आधीचा, कचेरीनंतरच्या आठवड्यातला दिवस. कासारीण गल्लीत ओरडत आली. या वेळी मीच तिला हाक मारली. बायको हात पुढं करून बसली.

"किती भरू, दादा?" कासारणीनं मला विचारलं.

"मला ऐकू येतील एवढ्या," मी म्हणालो.