आईचा गुडघा आणि दुपारचं पाणी

आई टेलिफोन कचेरीत बसून ट्रंक कॉल जोडून द्यायची. पण आमच्या चिक्कडपल्ली भागात जिकडेतिकडे एसटीडी बूथ उघडले आणि तिच्या कचेरीतलं काम ओसरत गेलं. मग तिथल्या बायका दुपारी आवारात रिंग टेनिस खेळू लागल्या. आईही पदर खोचून खेळायची. एकदा रिंग झेलायला ती गर्रकन वळली, पाय मात्र जागीच राहिला. गुडघ्यात काहीतरी कटकन तुटल्याचं तिला जाणवलं.

सूज उतरली तशी ती कामावर जायला लागली. पण गुडघा अधूनमधून निसटायचा, कधी जिन्यात, कधी बसमधून उतरताना. माझा खांदा धरून ती हसायची, "गेला बघ पुन्हा!" वर्षभर असंच चाललं. मग एके सकाळी गुडघा अडकला, सरळच होईना.

कोठी भागातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिची नडगी हलकेच पुढे ओढून पाहिली. "अंदर की रस्सी टूट गई, अम्मा." वरखालची हाडं बांधून ठेवणारा आतला दोर तुटल्यामुळे सांधा सैल झाला होता. निसटण्याच्या प्रत्येक खेपेला मधली गादी फाटत गेली होती, हाडांवरचं गुळगुळीत अस्तर झिजलं होतं. झिजलेलं ते आता भरून येणार नव्हतं. आईला ऑपरेशनची भीती वाटत होती. अडकलेला गुडघा हळूहळू सोडवून डॉक्टर म्हणाले, "पानी में चलो. वजन पानी कू दे देव."

बरकतपुऱ्याजवळच्या पोहण्याच्या तलावात दुपारची वेळ बायकांसाठी असायची. आई सलवार-कमीज घालून, कठडा धरून पाण्यात चालायची. मी काठावर बसून बघायची. तळाशी उन्हाची जाळी हलत असायची आणि त्या जाळीत आईचे पाय लांब, वाकडे, कुणा दुसरीचेच असल्यासारखे दिसायचे. बाहेरचे हॉर्न कुठल्या तरी दूरच्या गावातून आल्यासारखे वाटायचे. मला पेंग यायची.

एका दुपारी डोळे उघडले, तर आई कठडा सोडून पाठीवर तरंगत होती. केस पसरलेले, डोळे मिटलेले. मी घाबरून हाक मारली.

"ओरडू नकोस गं," ती डोळे न उघडताच म्हणाली. "आत्ता कुठे काही दुखत नाहीये."

पुढे मांड्यांत बळ आलं आणि गुडघा निसटायचा थांबला. जमिनीवर मांडी घालून बसणं मात्र सुटलं ते सुटलंच. हळदीकुंकवालाही ती खुर्ची मागून घ्यायची. थंडीत सांधा ठणकायचा. तलावावर मात्र ती जात राहिली, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिनेच मला हाताला धरून पाण्यात उतरवलं.