ऐनावर कोसा असेपर्यंत

वडसा–आरमोरी रस्त्यावरून आत वळलं की धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, लागतात. बांध्या संपतात तिथे ऐनाच्या झाडांचा एक पट्टा आहे. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तिथे गेलो, तेव्हा पट्ट्यात शिरण्याआधीच आवाज ऐकू आला. आकाश स्वच्छ होतं, वारा नव्हता, तरी झाडांखालच्या वाळल्या पानांवर काहीतरी बारीक सतत पडत होतं. वर टसर रेशमाच्या अळ्या पानं खात होत्या आणि त्यांच्या लेंड्या खाली गळत होत्या. या भागात अळीला, कोशाला आणि त्यातून निघणाऱ्या धाग्याला, तिन्हींना कोसा म्हणतात.

काम होतं वृत्तपत्राच्या रविवारच्या पानासाठी कोसा पाळणाऱ्यांवर लिहिण्याचं. झाडांची राखण करणारी बाई पन्नाशीची होती. पायात काही नाही, हातात गुलेल. तिने पहिलं वाक्य उच्चारलं ते चपलेबद्दल.

"चप्पल तिकडेच ठेवा भाऊ. इथी कोसा हाय."

सकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत ती या झाडांखाली असे. कावळे, गांधीलमाश्या, मुंग्या यांपासून अळ्या राखायच्या. एखाद्या झाडाची पानं संपली की फांदी अळ्यांसकट कापायची आणि भरल्या झाडाला नेऊन अडकवायची. अळीला हात लावलेला दोन तासांत एकदाही दिसला नाही. पावसाळ्यातलं पहिलं पीक झाडावरच सडलं होतं. वर्षाचं जे काही होतं ते आता या पट्ट्यात होतं. अळ्या बोटाएवढ्या जाड झाल्या होत्या. दहा-बारा दिवसांत त्या पानं ओढून घेऊन कोश विणायला बसणार होत्या.

एका खोडावर, छातीच्या उंचीवर, नखाएवढा एक कीटक होता. रंग सालीसारखा, मध्ये शेवाळी ठिपके. बोट जवळ नेलं तर तो वळला नाही, तसाच मागे सरकला. शेजारी त्याचं पिल्लू होतं. पिल्लाच्या मागच्या टोकाला दोन लांब तंतू उभे होते, अगदी मिशांसारखे, त्यामुळे डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं ते लगेच कळत नव्हतं. वरच्या एका पानावर पांढऱ्या पिठासारखा थर होता. त्याखाली अंडी.

"हे काय आहे, बाई?"

"हाय काईतरी. कोशाले काई करून नाई राह्यलं. बसून राह्यलं."

"नाव काय म्हणता तुम्ही याला?"

"नाव नाई घेत. झाडावर कोसा हाय तोवर मी कोणाचंच नाव नाई घेत. रांगेनं येणारं, उडून येणारं, कोणाचंच नाई. नाव घेतलं का येते."

लागून असलेल्या बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, शेजारचा शेतकरी उभा होता. त्याने तिथूनच ओरडून भर घातली. "कावळ्याले मामा म्हणते ना भाऊ ते! मुंगीले पाहुणी म्हणते! विचारा तिले, मले काय म्हणते?"

"तुह्यं नाव तं कोसा नसतानाबी नाई घेत मी," ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

शेतकरी जवळ आला, कीटक पाहिला आणि मोबाइल काढला. दुसऱ्या खंडातल्या एका किडीचे व्हिडिओ तेव्हा फिरत होते. करड्या पंखांवर काळे ठिपके, खाली लाल रंग, द्राक्षवेलींवर हजारोंनी बसलेली, रस शोषून वेली वाळवणारी. तिथे लोक ती दिसली की पायाखाली चिरडत होते. "हाच का?" त्याने विचारलं. खोडावरच्या कीटकाचे पंख मिटलेले होते. त्याने काडीने डिवचलं, तशी कीटकाने टुणकन उडी मारली आणि पोटाचा लालसर भाग क्षणभर दिसला.

फोटो घेऊन परतलो. एका शतकाहून जुन्या इंग्रजी सूचीची प्रत संगणकावर होती. त्यातल्या एका चित्राशी फोटो जुळला. सूचीत तो कीटक ज्या कुळात घातला होता, त्याच कुळात व्हिडिओतली कीडही होती. या कुळातल्या काहींच्या तोंडापुढे लांब सोंडेसारखा फुगवटा असतो; तो रात्री उजळतो असं कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवलं आणि इंग्रजी नावात कंदील आणि माशी आली. उजळताना नंतर कुणी पाहिला नाही. कीटक माशीही नाही. माशीला दोन पंख असतात, याला चार, आणि तो ढेकूण-मावा यांच्या गणातला. मराठीत रूढ नाव सापडलं नाही, म्हणून बातमीत ‘कंदीलमाशी’ हा शब्द तयार करून वापरला. तो परदेशी किडीच्या कुळातला असल्याचं लिहिलं. त्याने इथे नुकसान केल्याची नोंद नाही, हेही लिहिलं, पण शेवटच्या परिच्छेदात. शेवटचा परिच्छेद जागेअभावी गेला. रविवारच्या पानाऐवजी बातमी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आली. मथळा होता: परदेशी घातक किडीच्या कुळातील कीटक जिल्ह्यात.

वाचणाऱ्यांनी कूळ सोडून दिलं आणि कीड घेतली.

दोन दिवसांनी शेतकऱ्याचा फोन आला. सरपणाला जाणाऱ्या बायकांनी ऐनाच्या बाजूची वाट सोडली होती. कीटकाच्या पोटात निखारा असतो आणि तो अंधारात दिसतो, असं कुणी सांगत होतं. पांढऱ्या पिठाची पानं खुडून चौकात जाळली होती.

"आता सगळे म्हणून राह्यले, धानावर उतरायच्या आधी ऐनावरच फवारून टाकू. उद्या सकाळी."

"पण तिथे कोसा आहे."

"मले माहीत नाई का भाऊ? पण पेपर तुमचाच हाय ना?"

वडशाच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे प्राध्यापक परिचयाचे होते. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला.

"मागचा पंख उघडून पाहिलात?"

नव्हता पाहिला.

"मग कूळ कशावरून ठरवलं? कंदीलमाशीच्या कुळात मागच्या पंखाच्या मागच्या भागात आडव्या शिरांची दाट जाळी असते. फोटोत तो पंख झाकलेला आहे. मला कपाळाच्या रुंदीवरून हे दुसरंच कूळ वाटतं. तुमच्या सूचीच्या काळी ही सगळी मंडळी एकाच कुळात कोंबली होती. नंतर कुळं वेगळी केली, वरचा मोठा गट तेवढा एक राहिला. अधिकूळ म्हणतात त्याला."

"म्हणजे हा निरुपद्रवी?"

"ऐनाचा थोडा रस पितो, बस. त्या अधिकुळात घाबरण्यासारखा आपल्या धानाच्या भागात मुख्य एकच आहे, आणि तो सगळ्यांना माहीत आहे. धानावरचा तपकिरी तुडतुडा. त्याच्या मागच्या पायावर हलणारा काटा असतो, त्यावरून ओळखतात. हवा बघा कशी आहे, दमट आणि उबदार. बुंध्यात कुणी पाहिलंय का यंदा?"

खुलासा त्याच रात्री दिला. बातमीतला कीटक त्या कुळातला नसावा, ऐनावर फवारणी करू नये. शेवटची दोन वाक्यं तुडतुड्याबद्दल होती. माहिती पूर्ण असावी एवढ्यासाठी घातलेली. या वेळी एकही वाक्य कापलं गेलं नाही.

फवारणीच्या दिवशी सकाळी छापलेला अंक घेऊन मोटरसायकलने पोहोचलो. धुऱ्यावर सहा-सात जण होते, पाठीवरचे पंप भरून तयार. बाई ऐनाच्या कडेला उभी होती. मागून लेंड्यांचा आवाज चालू होता. खुलासा मोठ्याने वाचला.

"म्हणजे त्या दिवशीचा पेपर खोटा का आजचा खोटा?" एकाने विचारलं.

"दोन्ही पेपर एकाच भावात भेटते," दुसरा म्हणाला. सगळे हसले. बाईही हसली. तिने गुलेल खांद्यावर टाकली आणि एकाला म्हणाली, "ठेव आता ते पंप खाली, पाठ दुखन तुही."

शेतकरी मात्र अंक हातात घेऊन शेवटची दोन वाक्यं पुन्हा वाचत होता. पंप उतरवून तो बांधीत उतरला. धान लोंबीवर आलं होतं, वरून हिरवं-पिवळं आणि भरलेलं. त्याने दोन्ही हातांनी धानाची एक चूड, रोपांचा झुबका, बाजूला केली आणि वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला. जवळ जाऊन पाहिलं तर पाण्यालगतच्या बुंध्यांवर कोंडा चिकटावा तसा तपकिरी थर होता. त्याने पाणी हलवलं. थर आडवा सरकला आणि बुंध्याच्या पलीकडे गेला. बांधीच्या मध्यावर खाटेएवढा एक गोल वाळलेला होता. धुऱ्यावरून तो दिसत नव्हता. पलीकडच्या बांधीत असे तीन गोल होते.

कुणी हसलं नाही.

"आठ दिवस थांबा," बाई म्हणाली. "कोसा कोशात बसू दे. मग काईबी मारा."

"आठ दिवसांत नुसतं तणस राहीन, दाना नाई, बाई," शेतकरी म्हणाला. आता त्याचा आवाज खाली होता. "खायचं धान हाय हे. तूच सांग."

तिने ऐनाच्या शेंड्यांकडे पाहून विचारलं, "वारा कुठला हाय?"

त्याने कोरडी माती चिमटीत घेऊन सोडली. माती झाडांकडून बांध्यांकडे गेली. ठरलं ते असं: ऐनाला लागून असलेली बांधी सोडायची, औषध बुंध्यात मारायचं, नळीचं तोंड खाली ठेवायचं. बाईने होकारार्थी मान हलवली. सोडलेली बांधी शेतकऱ्याची स्वतःची होती.

साडेआठला फवारणी सुरू झाली. ठरल्याप्रमाणेच चालली होती. ऊन चढलं तसा वारा पडला, थोडा वेळ काहीच हललं नाही, मग उलट्या दिशेने, बांध्यांकडून, झुळूक आली. औषधाचा वास ऐनाच्या पट्ट्यात आधी आला. बाई हात वर करून ओरडत धुऱ्यावरून धावली. पंप त्याच क्षणी बंद झाले. हे नोंदवायला हवं. मग सगळे बांधीत उभे राहून झाडांकडे पाहत राहिले. झाडांवर दिसण्यासारखं काहीच नव्हतं.

दुपारपर्यंत आवाज विरळ झाला. अळ्या डोकं वर उचलून थांबत होत्या, तोंडातून हिरवा रस येत होता. काही मागच्या पायांवर लटकल्या. मग त्या पडू लागल्या, आणि पानांवर वेगळा, जड आवाज येऊ लागला. चारच्या सुमारास तोही थांबला. पट्ट्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या पाच-सहा झाडांवर काही अळ्या खात होत्या. एवढ्या अंतरावरून त्यांचं ऐकू येत नव्हतं.

शेतकरी आला. "बाई," म्हणाला, आणि वळून गेला.

बाई त्याच खोडाशी बसली होती. छातीच्या उंचीवर तो कीटक होता. त्याला काय झालं होतं सांगता येत नाही. जवळ गेल्यावर मागे सरकला नाही.

"घ्या आता त्याचं नाव," ती म्हणाली. "आता काय राह्यलं वर?"

"ते कूळ नव्हतं, असं वाटतं. दुसरं आहे."

"वाटते?"

"मागचा पंख उघडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही."

ती उठली. खोडावरून तो कीटक दोन बोटांत धरून उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"मग पाहा ना. काऊन थांबून राह्यले?"

पुढचा पंख नखाने वर केला. खालचा पंख घडीतून मोकळा झाला. पांढुरका, पारदर्शक. मागच्या भागात मोजक्या उभ्या शिरा होत्या. जाळी नव्हती.