सुऱ्यांना फुटलेल्या मिशा

कोल्हारच्या याकोब धारवाल्याला दोन गोष्टींची भारी घमेंड. एक, चाळीस वर्षांत त्याची एकही सुरी तक्रार घेऊन परत आली नव्हती. दुसरी, दुसरा धारवाला चष्मा पुसेपर्यंत याकोबच्या दोन सुऱ्या होतात. दुसरी घमेंड अजून शाबूत आहे. पहिली परवाच्या शनिवारी सकाळी मोडली.

त्यांचं दुकान एक, धंदे दोन. दाराशी याकोबचा धारेचा दगड फिरतो. आत त्याची बायको फिलोमिना विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरते, म्हणजे करपलेली तार काढून नवी गुंडाळते. मध्यंतरी याकोबने भंगारातल्या लाउडस्पीकरांची लोहचुंबकं आणून भिंतीवर ठोकली आणि गिऱ्हाइकांच्या सुऱ्या त्यांना चिकटवू लागला. खिळा नको, खुंटी नको, हात वर केला की सुरी हातात! फिलोमिना तेव्हाच म्हणाली होती, "अवो, पोलादाला चुंबकाची सोबत बरी न्हाई." त्यावर हा म्हणाला, "तू तुझ्या मोटारी बघ."

शनिवारी दगडाबाई त्याच्याकडून धार लावून नेलेल्या सात सुऱ्या घेऊन दारात उभी राहिली. रविवारी चर्चमध्ये नव्या पिकाचा हंगाम सण, तीनशे माणसांचं जेवण, आणि सगळा स्वयंपाक तिच्याकडे.

"याकोबदादा, तुमच्या सुऱ्यांना मिशा फुटल्यात. बघा!"

खरंच, पात्याच्या कडेला काळी लव उभी होती. दगडावरचा लोखंडाचा कीस पात्याला धरून बसला होता. तिने कोबी चिरला तर पानोपान काळी भुकटी.

"पाद्रीसायबांच्या ताटात लोखंड वाढू व्हय? दुपारपातुर नीट करा, न्हाईतर लोणीच्या धारवाल्याकडं धाडते."

याकोबने सुऱ्या पुसल्या, धुतल्या, पुन्हा दगडाला लावल्या. जितकी धार चढली तितक्या मिशा वाढल्या. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला: भिंतीवर राहून राहून सुऱ्याच चुंबक झाल्या होत्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षांचं नाव, आणि ते आपल्याच अतिशहाणपणानं घालवलं. फिलोमिना मान खाली घालून तार गुंडाळत होती, पण तिला सगळं ऐकू येत होतं, हे त्याला ठाऊक होतं.

"अगं," तो शेवटी म्हणाला, "तुझं बरोबर हुतं. आता काय करू?"

तिने टेबलाखालून परातीएवढं तारेचं कडं काढलं, बल्ब आणि बटण जोडलेलं. मोटारीत कीस जाऊ नये म्हणून ती आपली पक्कड याच कड्यातून काढून तिचं चुंबकपण उतरवायची.

"बटण दाबून धरा, सुरी मधून न्या आन हळूहळू लांब वढा. हातभर लांब गेल्याबिगर बटण सोडायचं न्हाई, न्हाईतर सुरी उलट आनखीच चुंबक व्हती."

जित्याची खोड! याकोबने सुरी आत घातली, बाहेर ओढायच्या आतच बटण सोडलं आणि सुरी किसाजवळ नेली. पहिल्यापेक्षा दाट मिशी आली. फिलोमिना खळखळून हसली. मग तिने त्याचं मनगट धरलं.

"लग्नात अंगठी घालताना कसा घाबरत घाबरत हात पुढं केला हुता? तसं. हळू."

सुरी कड्यात गुणगुणली. ती इंचाइंचाने दूर आली, गुणगुण विरत गेली, मगच त्याने बटण सोडलं. पातं किसात बुडवलं आणि वर काढलं. कीस जागचा हलला नाही. चाळीस वर्षांत याकोबने एवढ्या सावकाश दुसरं कुठलंही काम केलं नव्हतं, आणि तेच त्याने अजून सहा वेळा केलं.

दुपारी दगडाबाईने दुकानाच्या पायरीवरच कोबी चिरून पाहिला. पानं पांढरीशुभ्र. तिने सुऱ्या फडक्यात बांधल्या आणि गेली.

रविवारी पंगतीत याकोबने शेजारच्याला सवयीप्रमाणे ऐकवायला सुरुवात केली, "चाळीस वर्षांत माझी सुरी कधी परत..." वाढणारी फिलोमिना समोरच उभी होती. त्याने वाक्य तिथंच तोडलं. मग सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला, "एकदाच आली. कालच. माझ्या चुकीनं. आन हिनं नीट केली."

ती फुशारकी ऐकून ऐकून फिलोमिनाचे कान किटले होते. तिचं नाव तीत आज पहिल्यांदा आलं होतं. भाताचा डाव तसाच हातात धरून ती म्हणाली,

"अवो, परत सांगा की. पन जरा हळूहळू."