चोवीस खुंट्या आणि साहेबांचं मॉडेल

आमच्या सर्व्हेच्या खुंट्या उपटून दुसरीकडे ठोकल्या होत्या आणि त्यांना करडं बांधलेली होती. शेजारी वस्तीवरचे कौतिकराव निवांत तंबाखू मळत बसले होते.

मी भूभौतिकतज्ज्ञ. म्हणजे लोखंडी प्लेटवर घण मारायचा आणि जमिनीतून लहर किती वेळात पोचते ते मोजायचं. कोरड्या मुरमात लहर रेंगाळते, पाण्याने भरलेल्या मुरमात पळते. धावड्याकडच्या एका पाझर तलावापाशी आम्ही उन्हाळ्यात सर्व्हे केला होता. पावसाळ्यानंतर तोच पुन्हा करायचा. दोन्हींतल्या फरकावरून तलावाचं पाणी जमिनीखाली कुठे गेलं ते कळतं. अट एकच: जिओफोन, म्हणजे थरथर टिपणारी यंत्रं, अगदी त्याच जागी हवीत. त्यासाठी चोवीस खुंट्या ठोकल्या होत्या.

साहेबांना हा खटाटोपच नको होता. त्यांच्याकडे मॉडेल होतं, कॉम्प्युटरवर मांडलेलं भूजल. मॉडेल म्हणायचं, पाणी पूर्वेला जातं. मंजूर विहीर एकच, तीही मग पूर्वेला. कौतिकरावांची वस्ती पश्चिमेला. तिथल्या बायका पाण्यासाठी कोसभर चालत. मॉडेलला अर्थातच चालावं लागत नव्हतं.

“खुंट्या का उपटल्या?” मी ओरडलेच.

“मला वाटलं, हापिसातली मानसं परत कुठं येतेत! पन भोकं बराबर हायेत, मॅडम. करडाचा पाय मोडंल म्हनून हरेक भोकात गोटा ठोकलाय.”

मी गोटे मोजले. चोवीस. टेप लावला. बोटभरही फरक नाही.

पुन्हा घण मारले. पूर्वेला लहर उन्हाळ्यासारखीच रेंगाळली. पश्चिमेला मात्र सुसाट पळाली.

“खुंट्या हलल्यात. सर्व्हे बाद,” ऑफिसात साहेब म्हणाले.

“खुंट्या हलल्यात सर, जागा नाही. भोकांत गोटे आहेत.”

“रिपोर्टमध्ये गोटे लिहिणार?”

“फोटोसकट. आणि सर्व्हे बाद केल्याची सही तुमची घेते.”

सही म्हटल्यावर साहेबांची मॉडेलवरची श्रद्धा जरा पातळ झाली. फरकाचा नकाशा मॉडेलमध्ये घातला, आकडे बदलले, आणि मॉडेलही निमूटपणे पश्चिमेकडे बघायला लागलं.

विहीर वस्तीजवळ खोदली. पाणी लागलं. साहेबांनी प्रेझेंटेशन केलं, ‘मॉडेलचं अचूक भाकीत’. गोट्यांचा उल्लेख नाही. मला संताप आला, पण टाळ्या मीही वाजवल्या.

धडा एवढाच: जमिनीला दोनदा विचारावं. साहेबांना विचारूच नये, सही मागावी.

विहिरीवर कौतिकराव भेटले. म्हणाले, “पुढच्या टायमाला खुंट्या जाड आना, मॅडम. करडं मोठी झाली.”