देवी पलंगावर असताना

बिराप्पा आणि मी ढोकीच्या साखर कारखान्यात बॉयलरवर एकत्र राबलो. गाव त्याचं ईट, घर मेंढरं राखणाऱ्यांचं. नोकरी होती तोवर त्यानं हॉटेलात पाऊल ठेवलं नाही. डब्यातली भाकरी, ठेचा आणि वर तंबाखू. निवृत्तीनंतर तो मुलाकडं, सुरजकडं, धाराशिवला राहायला गेला आणि म्हातारपणी त्याला खाण्याचा नाद लागला.

नवं शहर त्यानं खानावळींवरून ओळखून घेतलं. कुठल्या गल्लीत शेंगांची चटणी अजून उखळात कुटतात, कुणाचा गुलाबजामून आतपर्यंत मुरलेला असतो, हे त्याला तिथं जन्मलेल्यांपेक्षा आधी कळलं. मला ढोकीहून एसटीनं बोलावून घ्यायचा. आत शिरला की थेट चुलीपाशी. कांदा घाईत परतलेला दिसला तर न बसता निघायचा. खानावळवाली इरम्मा म्हणायची, "आले बघा साहेब. जेवताव का नुसतीच तपासणी?" तो हसायचा, भाकरी कुस्करायचा आणि ताट पुसून खायचा.

भादव्यात त्याला मोठा घास घेता येईना. गालाच्या आत जखम होती. तरी पातळ रस्सा घेऊन बसायचा. सुरजनं सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. जबडा कापावा लागेल, आत्ताच कापला तर वाचेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

नवरात्र तोंडावर होतं. बिराप्पा पोरवयापासून नऊ दिवसांचा उपवास धरायचा. ऑपरेशननंतर नाकातल्या नळीनं दूध-अंडं घालतात म्हटल्यावर त्यानं मान हलवली. घट उठू द्या, म्हणाला. घट उठले. पण दसऱ्यानंतर तुळजापूरची देवी पलंगावर निजते, ती पुनवेपर्यंत. त्या दिवसांत त्यांच्या घरात कुणी नवं काम धरत नाही.

मी मुद्दाम गेलो. बॉयलरच्या नळीला गळती दिसली की तो तिथंच बंद करतात, पाळी संपायची वाट बघत नाहीत, एवढंच त्याला सांगितलं.

"ते लोखंड हाय," तो म्हणाला. "देवी निजलीय. म्या कसा कापून घिऊ?"

त्याची बायको नागूबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "पुनवंला देवी उठंल. तुमी उठताल का?"

त्याच संध्याकाळी तो मला धाब्यावर घेऊन गेला. मटण मागवलं. तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. मटणाचा एकेक धागा सोडवून तो गालाच्या चांगल्या बाजूनं आत सारायचा, मग डोळे मिटून गिळायचा. इतक्या कष्टानं खाताना मी कुणाला पाहिलं नाही. धाबेवाला नंदीश जाता जाता म्हणाला, "आबा, मटण खाताव का निवडताव?" बिराप्पा पुढचा धागा सोडवत राहिला.

पुनव झाल्यावर ते सोलापूरला गेले. गाठ मानेत उतरली होती. आता कापून उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. किरणांचे शेक दिले. शेकानं तोंड आतून सोललं आणि जिभेची चव गेली.

नंतर भेटायला गेलो तेव्हा नागूबाईनं कण्यांची पेज केली होती. एक वाटी त्याला, एक मला.

"मीठ बरं हाय का?" तिनं विचारलं.

बिराप्पानं चमचा ओठांशी नेला, बराच वेळ तोंडात धरला आणि मान डोलावली. मी घोट घेतला. मीठ घालायचं ती विसरली होती. मीही मान डोलावली.